म्युझियम राजधानीत, पण त्याचा संग्रह गावोगावी

वानुआतू हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा वाचलं ते मार्च २०२५ मध्ये, ललित मोदींच्या पासपोर्टच्या बातमीत. त्या देशानं त्यांना नागरिकत्व दिलं होतं. तिथले पंतप्रधान जोथाम नापाट यांनी ते रद्द करायला सांगितलं. चार दिवस चर्चा झाली, नकाशात तो ठिपका शोधून झाला आणि विषय संपला.

त्याच्या तीन महिने आधी, २ डिसेंबर २०२४ ला, त्याच देशाचा एक माणूस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बोलायला उभा राहिला होता. हवामान बदलाच्या बाबतीत देशांवर कायद्यानं काय जबाबदारी येते, हा प्रश्न जेमतेम तीन लाख वस्तीच्या या देशानं पुढाकार घेऊन न्यायालयापर्यंत नेला होता. २३ जुलै २०२५ ला न्यायालयानं सल्लावजा मत दिलं की हवामानाचं नुकसान रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, मर्जीचा मामला नाही. सुनावणीत सर्वांत आधी बोलणाऱ्या त्या माणसाचं नाव राल्फ रेगेनवानू. बातम्यांत त्यांचा उल्लेख कुठे मंत्री, कुठे हवामानदूत असा आला. त्यांची जुनी नोकरी मात्र फारशी कुणी सांगितली नाही. १९९५ ते २००६ या काळात ते एका म्युझियमचे संचालक होते.

म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती शाळेची सहल, काचेची कपाटं, पिवळी पडलेली लेबलं आणि 'हात लावू नये' ही पाटी. तिथला संचालक जागतिक न्यायालयात देशाची बाजू मांडतोय, हे जरा विचित्र वाटतं. ते विचित्र का नाही, हे कळायला राजधानी पोर्ट व्हिलातलं ते म्युझियम चालतं कसं, हे पाहावं लागेल. लोक त्याला 'वानुआतू काल्जोराल सेंता' म्हणतात. उच्चारून पाहा. 'कल्चरल सेंटर'च आहे ते, तिथल्या बिस्लामा भाषेच्या वळणानं आलेलं.

आधी थोडा भूगोल, थोडा गोंधळ

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला ऐंशीच्या वर बेटांची इंग्रजी 'वाय'च्या आकाराची माळ आहे, तो हा देश. तीन लाख माणसं आणि शंभराहून अधिक भाषा. भागाकार केला तर एका भाषेच्या वाट्याला दोन-तीन हजार माणसं येतात, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. डोंगराच्या या बाजूची भाषा त्या बाजूला कळत नाही. सगळ्यांना जोडते ती बिस्लामा. एकोणिसाव्या शतकात इथली माणसं ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली, कुणी करार करून तर कुणी फसवून, पळवून. तिथल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून ही भाषा घडली आणि आज ती राष्ट्रभाषा आहे.

राज्यकर्तेही दोन होते. १९०६ पासून १९८० पर्यंत ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ही बेटं भागीत चालवली. पोलीस दोन, तुरुंग दोन, शाळा दोन प्रकारच्या. दोघांच्या सामाईक न्यायालयाचा अध्यक्ष कोण, यावर भांडण नको म्हणून तो स्पेनच्या राजानं नेमायचा! स्थानिक माणसाला मात्र यातल्या एकाही देशाचं नागरिकत्व नव्हतं. ३० जुलै १९८० ला देश स्वतंत्र झाला.

शंभर भाषा आणि ऐंशी बेटं असलेल्या या नव्या देशात 'आपण सगळे एक' असं कशाच्या आधारावर म्हणायचं? उत्तर सापडलं ते एका शब्दात.

कास्तोम

बिस्लामातला हा शब्द 'कस्टम'वरून आला, पण त्याचा अर्थ रूढी किंवा प्रथा एवढाच नाही. जमीन कुणाची, डुक्कर कुणाला द्यायचं, कुठल्या मामानं लग्नात काय करायचं, कंद कधी लावायचा, कुठली गोष्ट कुणी सांगायची, हे सगळं मिळून कास्तोम. आपल्याकडच्या 'रीत' या शब्दात वतन, वैद्यकी, शेतीचं ज्ञान आणि घराण्याचा इतिहास मिसळला तर त्याच्या जवळपास जाता येईल.

हे ज्ञान लिहिलेलं नव्हतं. ते म्हाताऱ्या माणसांत होतं. मिशनऱ्यांच्या काळात त्यातलं बरंच पाप ठरलं, बरंच विसरलं गेलं. मग म्युझियमनं नेमकं काय गोळा करायचं? मुखवटे आणि ढोल तर युरोपातल्या म्युझियमांनी आधीच उचलून नेले होते. शिवाय आम्ब्रिम बेटावरचा उंच लाकडी ढोल हॉलमध्ये आणून उभा केला, तरी तो कोरण्याचा हक्क कसा मिळतो, कोण तो वाजवू शकतो, किती डुकरं दिली की त्यावर अमुक नक्षी काढता येते, हे त्या ढोलाच्या आत लिहिलेलं नसतं. ते आम्ब्रिमच्या माणसाला विचारावं लागतं. आणि त्या माणसाच्या भाषेत विचारावं लागतं.

गावातला वार्ताहर

यावरचा त्यांचा उपाय इतका साधा आहे की आधी कुणाला का सुचला नाही, असं वाटतं. तज्ज्ञ गावात पाठवायचे नाहीत, गावातलाच माणूस तयार करायचा.

१९७६ मध्ये पीटर क्रो या संगीत अभ्यासकानं काही गावकऱ्यांना टेपरेकॉर्डर चालवायला शिकवून सुरुवात केली. १९७७ पासून म्युझियमची धुरा सांभाळणाऱ्या कर्क हफमन यांनी ते जाळं वाढवलं. १९८१ पासून डॅरेल ट्रायन हे भाषातज्ज्ञ दरवर्षी या मंडळींची कार्यशाळा घेऊ लागले. या माणसांना म्हणतात फिलवोका, म्हणजे फील्डवर्कर.

तालुक्याच्या गावातला वर्तमानपत्राचा वार्ताहर आठवा. त्याचं किराणा दुकान असतं, शेती असते, आणि त्यातून वेळ काढून तो बातम्या पाठवतो. गावात त्याला सगळे ओळखतात, म्हणून त्याला सगळं कळतं. फिलवोका तसाच. तो शेतकरी असतो, कोळी असतो, कधी गावचा मुखिया असतो. त्याला गावानं पसंत केलेलं असतं. वर्षातून एकदा तो बोटीनं किंवा छोट्या विमानानं पोर्ट व्हिलाला येतो. साधारण दोन आठवडे सगळे एकत्र बसतात. दर वर्षी एक विषय ठरलेला असतो: नात्यांची नावं, घर बांधायची पद्धत, डुकरं, लग्नं. प्रत्येक जण आपल्या भागात काय सापडलं ते बिस्लामात उभं राहून सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात, 'आमच्याकडे उलटं आहे' म्हणतात, आणि ते सगळं ध्वनिमुद्रित होतं. पुढच्या वर्षीचा विषय घेऊन मंडळी घरी जातात.

यातून रेडिओचे कार्यक्रमही झाले. लांबच्या बेटावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट राष्ट्रीय रेडिओवर लागली की ती सांगण्यासारखी होती, हे त्याच्याच नातवंडांना पहिल्यांदा कळायचं.

पण फुकट कोण करेल?

हा आपला पहिला प्रश्न. फिलवोका स्वयंसेवक असतात. कार्यशाळेचा खर्च म्युझियम करतं, पण महिन्याचा पगार नाही. तरीही पुरुष आणि स्त्रिया मिळून ही संख्या शंभराच्या आसपास गेली.

मला यात त्याग वगैरे फारसा दिसत नाही. सरळ देवाणघेवाण दिसते. फिलवोकाला गावात मान मिळतो. गावात उत्सव भरवायचा असेल, पवित्र जागेवर कुणी रस्ता काढत असेल, परदेशी माणूस काहीबाही विचारत फिरत असेल, तर राजधानीतल्या एका कार्यालयात आपला माणूस आहे, हे गावाला ठाऊक असतं. म्युझियमला गाव लागतं तितकंच गावाला म्युझियम लागतं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या, त्याही गावागावांतल्या बायकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या जिवावरच. फरक इतकाच की वानुआतूत ही पद्धतच राष्ट्रीय म्युझियमचा कणा झाली.

बायकांचं कास्तोम असतं का?

सुरुवातीचे फिलवोका सगळे पुरुष होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत कास्तोमचा जयजयकार झाला तो मुखवटे, ढोल, डुकरांचे विधी आणि मुखियांच्या पदव्यांचा. बायका घरी चटया विणत होत्या. त्याला कुणी कास्तोम म्हणत नव्हतं, खुद्द बायकाही नाहीत.

१९९१ च्या सुमारास म्युझियमनं स्त्रियांसाठी वेगळा प्रकल्प सुरू केला. लिसांत बोल्टन या ऑस्ट्रेलियन अभ्यासक आणि आम्बाए बेटाच्या जीन तारिसेसेई यांनी मिळून तो उभा केला. सुरुवात आम्बाएच्या चटयांपासून झाली. 'चटई' म्हटलं की आपण चूक करतो, कारण यातल्या काहींवर कुणी बसत नाही. केवड्याच्या जातीच्या पानांपासून विणलेली ही वस्त्रं आहेत. ती लग्नात देतात, मयतीला देतात, पूर्वी नेसतही असत. लांबी, झालर, विणीतली नक्षी यांवरून त्यांचे प्रकार ठरतात आणि प्रत्येकाला नाव असतं. रंगवण्याची तऱ्हा तर बघण्यासारखी. केळीच्या सोपटात नक्षी कापायची, वस्त्र ओंडक्याला गुंडाळायचं, वर ते सोपट घट्ट बांधायचं आणि तांबड्या रंगाच्या पाण्यात उकळायचं. जिथं सोपट आहे तिथं रंग बसत नाही. छापखान्यातला स्टेन्सिलच हा.

हे ज्ञान आहे, हस्तकला-प्रदर्शनातला शोभेचा माल नाही, हे मान्य व्हायला एक म्युझियम लागलं. १९९४ मध्ये बायकांच्या फिलवोकांची पहिली कार्यशाळा झाली आणि तेव्हापासून ती वेगळी भरते.

२००१ च्या कार्यशाळेचा विषय मला सर्वांत धीट वाटतो: 'हाऊस-गर्ल'. वसाहतीच्या काळात युरोपियनांच्या घरी धुणीभांडी आणि मुलं सांभाळण्याचं काम केलेल्या बायकांच्या आठवणी फिलवोकांनी गोळा केल्या. यात मुखवटा नाही, नृत्य नाही, पर्यटकाला दाखवण्यासारखं काहीच नाही. पण मोलकरणीची आठवण हाही देशाचा इतिहास आहे, हे एका राष्ट्रीय म्युझियमनं ठरवलं. आपल्याकडच्या किती म्युझियमांत मोलकरणीच्या वाट्याला एखादा कोपरा आलाय, आठवून पाहा.

न दाखवण्यासाठी जपायचं

आता सगळ्यांत चकवणारी गोष्ट. या म्युझियममधल्या ध्वनिफिती आणि चित्रफितींचा मोठा साठा तुम्हाला ऐकता-बघता येणार नाही. तुम्हालाच काय, वानुआतूच्या बहुतेक नागरिकांनाही नाही. त्या ज्या खोलीत आहेत तिला 'ताबू रूम' म्हणतात. ('टॅबू' हा शब्द इंग्रजीत आला तोच मुळी पॅसिफिकातून, कॅप्टन कुकनं तो १७७७ मध्ये टोंगाहून नेला.)

ध्वनिमुद्रण करताना सांगणारा माणूस अट घालू शकतो: हे फक्त आमच्या कुटुंबानं ऐकायचं, हे फक्त पुरुषांसाठी, हे बायकांसाठीच. ती अट फितीबरोबर जाते आणि पाळली जाते.

इथं आक्षेप येतोच. सरकारी पैशानं चाललेली संस्था आणि लोकांना बघायला बंदी? मग ते म्युझियम कसलं?

जुन्या गवयांची आठवण काढू. घराण्याची खास चीज ते शिष्य असलेल्यालाच देत, आणि मैफलीत कुणी लपून ऐकतोय असा संशय आला तर अस्ताई अर्धवट गाऊन पुढे जात. आपण त्याला कोतेपणा म्हणतो, आणि तो होताही. पण वानुआतूत गाणं, नक्षी किंवा गोष्ट ही जमिनीसारखी मालमत्ता असते. ती वारशानं मिळते, डुकरं देऊन विकतही घेता येते. ती सगळ्यांना खुली केली की मालकाचा हक्क गेला. अशा वेळी माणसाकडे दोनच मार्ग असतात: न सांगता मरणं, किंवा सगळ्यांना सांगून हक्क गमावणं. ताबू रूम हा तिसरा मार्ग आहे. बँकेच्या लॉकरसारखा. बँकेची इमारत सार्वजनिक असते, पण आतला डबा ज्याचा त्याचा, आणि म्हणूनच लोक तिथं डबा ठेवतात. खोलीला कुलूप आहे म्हणून तिच्यात काही जमा होतं.

दहा वर्षं संशोधकांना दार बंद

१९८५ ते १९९४ या काळात वानुआतूनं परदेशी मानववंश-अभ्यासकांना आणि पुरातत्त्वज्ञांना जवळजवळ बंदी घातली. त्या काळात काम झालं ते मुख्यतः फिलवोकांचं.

संशोधक येतात, वर्षभर झोपडीत राहतात, मग परत जाऊन पुस्तक लिहितात, प्राध्यापक होतात. गावाच्या हाती पुस्तकसुद्धा लागत नाही. लागलं तरी ते न वाचता येणाऱ्या भाषेत. ही तक्रार जुनीच होती. बंदी उठली तेव्हा म्युझियमनं नियम केले. संशोधकानं करार करायचा. स्थानिक माणसाला बरोबर घेऊन शिकवायचं. जमवलेल्या साहित्याची प्रत म्युझियमला द्यायची. आणि गावाला लगेच उपयोगी पडेल असं काहीतरी करून द्यायचं, मग ते शाळेसाठी गोष्टींचं पुस्तक असो की शब्दसंग्रह. प्रबंध नंतर.

यानं ज्ञानाची वाट अडते, असं काही जण म्हणतात. थोडी अडत असेलही. पण पूर्वी ती एकाच बाजूला वाहत होती, हे विसरून चालणार नाही.

ऐकीव गोष्टींवर कितपत विश्वास ठेवायचा?

म्हातारे सांगतात ते खरं कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक उत्तर जमिनीखाली सापडलं.

एफाते बेटाच्या आसपास रोई माता या मोठ्या सरदाराची गोष्ट सांगतात. त्यानं भांडणारी कुळं एकत्र आणली, त्याच्या भावानं त्याच्यावर विषप्रयोग केला, आणि त्याला आर्तोक या छोट्या बेटावर पुरलं तेव्हा त्याच्याबरोबर बरीच माणसं पुरली गेली. तेव्हापासून आर्तोकवर कुणी राहत नाही. १९६७ मध्ये जोझे गारांजे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञानं लोकांनी दाखवलेल्या ठिकाणी खणलं. एका माणसाच्या भोवती पुरलेले सुमारे पन्नास सांगाडे निघाले, अंगावर दागिने तसेच. घटना आता साधारण १६०० च्या आसपासची मानतात. म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षं, लेखणीशिवाय, जागेचा पत्ता अचूक राहिला होता. २००८ मध्ये ती जागा देशातलं पहिलं जागतिक वारसास्थळ झाली.

प्रत्येक गोष्ट अशी शाबित होत नाही, हेही खरं. म्हणूनच कार्यशाळेतलं 'आमच्याकडे उलटं आहे' महत्त्वाचं. एकाच घटनेच्या चार आवृत्त्या असतील तर चारही टेप होतात. कुठली खरी, हा निकाल म्युझियम देत नाही.

पण मग सगळं गोठवून ठेवायचं?

गोठवलं असतं तर हे सगळं कंटाळवाणं झालं असतं. २००७ हे वर्ष 'कास्तोम अर्थव्यवस्थेचं वर्ष' म्हणून जाहीर झालं. डुकराचे गोल वळलेले सुळे, विणलेली वस्त्रं, शिंपल्यांचं चलन यांना व्यवहारात जागा मिळावी, अगदी शाळेची फीसुद्धा त्यात भरता यावी, असा त्यामागचा खटाटोप होता. (वरचे सुळे काढले की खालचे अडथळ्याविना गोल वाढतात, आणि पूर्ण वेढा घ्यायला सहा-सात वर्षं लागतात. ते सुळ्याचं वेटोळं देशाच्या झेंड्यावर आहे.)

तरुणांचं प्रकरण आणखी वेगळं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी म्युझियमनं पोर्ट व्हिलाच्या वस्त्यांतल्या पोरांना माहिती गोळा करायला शिकवलं. विषय कास्तोम नव्हता, बेकारी होता. शाळा सुटलेली आणि नोकरी नसलेली पोरं दिवसभर काय करतात, तर 'किलिम ताएम', म्हणजे नुसती वेळ घालवतात. म्युझियमचं काम भूतकाळापुरतं असतं, हा आपलाच समज.

जुनं आणि आजचं कसं एकत्र नांदतं ते सान्द्रोइंगमध्ये, म्हणजे वाळूवरच्या चित्रात, दिसतं. वाळूवर किंवा राखेवर आधी आडव्या-उभ्या रेषांची जाळी आखायची आणि मग एका बोटानं, न उचलता, जिथून निघालो तिथंच परत येईल अशी रेषा काढत जायची. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही यातली मजा लगेच कळेल. काढता काढता गोष्ट सांगतात. युनेस्कोनं २००३ मध्ये या कलेचा गौरव केला. मालाकुला बेटावर समजूत आहे की मेल्यावर परलोकाच्या वाटेवर एक भूत बसलेलं असतं. ते असंच चित्र काढतं, अर्धं पुसतं आणि म्हणतं, पूर्ण कर. ज्याला येत नाही त्याला खातं. म्युझियममध्ये पाहुण्यांसमोर हे चित्र काढून दाखवतात. गोष्ट संपली की हात फिरवून वाळू सपाट.

बेटच रिकामं झालं तर?

हा आक्षेप सगळ्यात जड आहे. संग्रह माणसांत आणि जमिनीत ठेवला, ठीक. पण माणसांना जमीन सोडावी लागली तर?

हे घडून गेलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये आम्बाएच्या ज्वालामुखीमुळे सबंध बेट, सुमारे अकरा हजार माणसं, हलवावं लागलं. लोक परतले आणि २०१८ मध्ये राखेमुळे पुन्हा निघाले. तेच आम्बाए, जिथं चटयांची नावं गोळा करायला सुरुवात झाली होती. शेजारच्या बेटावर माणूस जाऊ शकतो, चटईही नेता येते. पण रंगाच्या मुळ्या देणारी वेल आणि विणण्याची पानं ज्या जमिनीत येतात ती जमीन नेता येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतली वेल कापायला दुसऱ्याची परवानगी लागते. मार्च २०१५ च्या पाम वादळानं शेतं आणि झाडं झोडपली तेव्हाही नुकसान घरांपुरतं नव्हतं.

ज्वालामुखीला कोर्टात खेचता येत नाही. चढत्या समुद्राचं आणि तीव्र होत चाललेल्या वादळांचं तसं नाही. त्यामागे कुणाचा धूर किती, याचा हिशोब मांडता येतो. अकरा वर्षं फिलवोकांच्या तोंडून वेलींची, बागांची, पुरलेल्या सरदारांच्या बेटांची नावं ऐकलेला माणूस तो हिशोब घेऊन हेगला गेला. त्याच महिन्यात, १७ डिसेंबर २०२४ ला, पोर्ट व्हिला ७.३ तीव्रतेच्या भूकंपानं हादरलं. राजधानीतल्या इमारती कोसळल्या. फिलवोका मात्र आपापल्या बेटांवर विखुरलेले असतात.